भाकड झाली की विकायची का?

प्रश्न : मी सांगलीजवळ राहतो, नोकरी सांभाळून आठ-नऊ वर्षं लॅब्रॅडॉरची पिल्लं काढतो, धंदा म्हणा किंवा छंद म्हणा. आमची राणी आता सहा वर्षांची झाली, चार लिटर (म्हणजे चार बाळंतपणं) झाल्या, शेवटच्या वेळी सिझेरियन करावं लागलं त्यामुळे तिला आता थांबवायचं ठरवलंय. पुण्याचं एक कुटुंब १२ हजार देऊन न्यायला तयार आहे. बायको म्हणते जिच्या पिल्लांवर घराचा वरचा मजला चढवला तिला विकताना लाज कशी वाटत नाही. दोन दिवस घरात बोलणं बंद आहे. माझं खरंच चुकतंय का?

उत्तर : वहिनींचा राग मला कळतो, पण नेम थोडा चुकलाय असं वाटतं. बारा हजार घेतले म्हणून पाप लागत नाही आणि फुकट दिली म्हणून पुण्यही लागत नाही. उलट फुकटात दिलेली मोठी कुत्री कुठे जातात ते मी बघितलंय, फार्महाऊसच्या गेटला साखळीला, मालक फक्त रविवारी येणार आणि वॉचमन उरलंसुरलं टाकणार. काहीतरी पैसे मोजून नेणारा माणूस निदान एकदा विचार तरी करतो.

तुम्ही लिहिलंय की तिला थांबवायचं ठरवलंय. पण थांबवलं म्हणजे नक्की काय केलं? गर्भपिशवी काढली का? पूर्ण पत्रात त्याचा एक शब्द नाही. ऑपरेशन न करता दिलीत तर तुम्ही थांबलात, राणी थांबली नाही. पुण्यातले लोक चांगलेच असतील हो, पण वर्षभराने त्यांच्या मेव्हण्याकडे एक नर असेल, "एकदाच करू, घरातल्या घरात" असं कुणीतरी म्हणेल आणि सिझेरियन झालेली, सात वर्षांची कुत्री पाचव्यांदा गाभण राहील. हे मी काल्पनिक सांगत नाहीये, असंच होतं.

कायदाही साधारण हेच म्हणतो. २०१७ साली केंद्राने कुत्र्यांच्या ब्रीडिंगचे आणि विक्रीचे नियम काढले. पिल्लं विकण्यासाठी कुत्री पाळणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, मादी १८ महिन्यांची होईपर्यंत तिला नर लावायचा नाही, वर्षात एकच लिटर, आयुष्यात जास्तीत जास्त पाच, आठ वर्षांनंतर बंद, आणि सहा महिन्यांवरचं कुत्रं नसबंदी केल्याशिवाय विकायचं नाही, अपवाद फक्त दुसऱ्या नोंदणीकृत ब्रीडरचा, म्हणजे पिल्लं काढून विकणाऱ्याचा. आता हा अपवादच मला खटकतो, कारण खरा गैरव्यवहार तिथेच चालतो. "प्रूव्हन फीमेल (आधी पिल्लं दिलेली मादी), दोन लिटर सहज निघतील" अशी जाहिरात करून थकलेली मादी एका केनेलमधून दुसऱ्या केनेलमध्ये जाते, दरवेळी वय एखाद-दोन वर्षांनी कमी होतं, आणि शेवटच्या माणसाकडे पोचते तेव्हा तिची आधीची बाळंतपणं मोजायला कुणी उरलेलं नसतं. विकायला तुम्ही मोकळे आहात पण पुढच्या ब्रीडरला विकू नका, एवढं मी स्पष्ट सांगतो.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका ब्रीडरकडून सात वर्षांची जर्मन शेफर्ड मादी आणली. तो म्हणाला ऑपरेशन काय, नंतर सावकाश करा. तिला जिना माहीतच नव्हता, पहिल्या मजल्यावर आम्ही तिला उचलून न्यायचो, कोपरांवर सिमेंटवर झोपून झोपून घट्टे पडलेले, आणि कुणी बघत असेल तर जेवायची नाही. दुसऱ्या महिन्यात घरातले सगळे मोजे गोळा करून कपाटाखाली नेले आणि त्यांच्याभोवती वेटोळं करून झोपायला लागली, सड भरून आलेले. पोटात पिल्लू नसताना शरीराने बाळंतपण मांडलं होतं. आम्ही सगळे हसलो, फोटो काढले. पुढच्या पंधरवड्यात तिने सारखं पाणी प्यायला सुरुवात केली, जेवण सुटलं, डॉक्टरांनी सोनोग्राफी केली तर गर्भाशयात पू. रात्री साडेअकराला ऑपरेशन झालं, वाचली. ज्या मादीची पिशवी काढलेली नाही तिला माजानंतरच्या एक-दोन महिन्यांत हे होऊ शकतं आणि वय वाढेल तसा धोका वाढतो. त्या माणसाने माझ्याकडून पैसे घेतले याचा मला अजिबात राग नाही. राग आहे तो ते ऑपरेशन त्याने माझ्यावर ढकललं याचा.

तर राणीचं दूध पूर्ण आटलंय आणि ती माजावर नाहीये हे बघून तुमच्याच डॉक्टरांकडून ऑपरेशन करून घ्या, टाके निघेपर्यंत तुमच्याकडेच ठेवा, मग पाठवा. त्याच भुलीत दात साफ करता येतील का तेही विचारा, बारा हजारांतले बरेचसे तिथेच जातील आणि जाऊ देत. त्या कुटुंबाला लेखी सांगा की जमलं नाही तर राणी परत सांगलीला येईल, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. आमचे आजोबा बैल विकला तरी दावं घरी ठेवायचे, तसं समजा.

आणि हो, वहिनींना ती घरातच हवी असेल, म्हणजे खरंच घरात, सोप्यावर, पायाशी, तर विषयच संपला, ठेवा. पण मागच्या शेडमध्ये इतर पाच जणींबरोबर ठेवणार असाल आणि नव्या पिल्लांच्या गडबडीत तिच्या डोक्यावर हात फिरवायला आठवड्यात कुणाला वेळ मिळणार नसेल तर पुण्याचं घर बरं.

प्रश्न : माझी बहीण इंग्लंडमध्ये असते, तिला पाच वर्षांची कॅव्हलिअर स्पॅनिअल एका ब्रीडरकडून घ्यायचीय. तिकडे लूसीज लॉ आहे ना, मग अशी विक्री चालते का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : चालते. एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये लागू झालेला तो कायदा सहा महिन्यांखालच्या पिल्लांसाठी आहे, दुकानदाराने किंवा दलालाने ती विकायची नाहीत, पिल्लू थेट ब्रीडरकडून किंवा रेस्क्यूकडून, म्हणजे सोडवलेली कुत्री सांभाळणाऱ्या संस्थेकडून घ्यायचं. मोठ्या मादीला तो लागू नाही. गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, ज्या लूसीच्या नावाने तो कायदा आहे ती स्वतः कॅव्हलिअरच होती, आणि पिल्लू नव्हे तर वेल्समधल्या एका पपी फार्ममध्ये (पिल्लांच्या कारखान्यातच म्हणा) वापरून वापरून मोडलेली, २०१३ मध्ये सुटका झालेली मादी. बहिणीला म्हणावं हृदयाची तपासणी करूनच घे, या जातीत झडपेचा आजार फार.

प्रश्न : आई ६८ वर्षांची, एकटी असते, पिल्लू झेपणार नाही म्हणून पाच वर्षांची पग बघितलीय. विकणारा म्हणतो अजून एक लिटर घेता येईल, पैसे वसूल होतील. घेऊ का? (वाचक, नाशिक)

उत्तर : आईसाठी मोठं कुत्रं घ्यायचा विचार मला एकदम पटला. २००३ च्या हच या मोबाइल कंपनीच्या पगवाल्या जाहिरातीनंतर घरोघरी पगची पिल्लं आली आणि त्यातली कितीतरी दीड-दोन वर्षांत लोकांना जड झाली. पण "वसूल" हा शब्द ऐकल्यावर मी त्या माणसाला दोनच गोष्टी विचारल्या असत्या : किती सिझेरियन झाली, आणि ऑपरेशन कोण करणार? पगच्या पिल्लांचं डोकं मोठं, त्यामुळे बाळंतपण बऱ्याचदा पोट फाडूनच होतं, शिवाय चपट्या नाकामुळे भूल देणंच जोखमीचं. आईच्या सोबतीला आणताय ना, मग लिटरचं नावच काढू नका.

जाऊन बघा तेव्हा एकट्या मादीला नाही तर ती राहते ती जागा बघायला मागा, दाखवत नसेल तर निघून या. पोटाखाली हात फिरवून सडांजवळ गाठ लागते का बघा, मायक्रोचिपचा पंधरा आकडी नंबर कागदावरच्या नंबरशी जुळवा, गोचीड तापासाठी रक्त तपासा. ऑपरेशन वर सांगितलेल्या नियमाप्रमाणे त्यानेच करून द्यायला हवं, तरीही देत नसेल तर किंमत तेवढी कमी करून घ्या आणि पहिल्या महिन्याभरात तुम्ही करा, घोरणाऱ्या कुत्र्याला भूल द्यायची सवय असलेल्या डॉक्टरांकडे.

आईंना आधीच सांगून ठेवा की सुरुवातीचे काही दिवस ती कॉटखालून बाहेर येणार नाही, कुकरची शिट्टी, मिक्सर, टीव्ही यातलं काहीच तिने ऐकलेलं नसेल, आणि शू कुठे करायची हे पाच वर्षांच्या कुत्रीला पिल्लासारखंच पहिल्यापासून शिकवावं लागेल. शक्य असेल तर दिवाळी होऊन जाऊ दे, मग आणा.