सीओपीडी असताना चालण्याचं अ‍ॅप वापरावं का?

तुम्ही विचारलंय की वडिलांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे, थोडं चाललं की दम लागतो, मग पावलं मोजणारं अ‍ॅप उपयोगाचं आहे का. आहे, पण आधी त्यातलं 10,000 पावलांचं लक्ष्य काढून टाका. ते आजारी फुप्फुसांसाठी ठरवलेलं नाही, आणि रोज अपुरा आकडा पाहून माणूस खचतो.

पहिला आठवडा काहीही न बदलता फक्त मोजा. समजा सरासरी 1,800 आली, तर पुढच्या आठवड्यात 2,000 पुरे. या आजारात रोजची 600 ते 1,100 पावलांची वाढसुद्धा मोलाची मानतात.

माझ्या आईचा फोन वॉकरच्या पिशवीत असायचा, त्यामुळे अर्धी पावलं मोजलीच जात नव्हती. कमरेला लावल्यावर आकडा सुधारला. तरी अगदी हळू चालणाऱ्यांची पावलं अ‍ॅप कमीच मोजतं, म्हणून मी मिनिटंही लिहून ठेवते.

आकड्यापेक्षा दमाकडे बघा. 0 म्हणजे दम अजिबात नाही आणि 10 म्हणजे सर्वात जास्त, असं धरलं तर 3-4 इतका दम चालतो. चालताना छोटं वाक्य बोलता आलं पाहिजे. दम वाढला की थांबून, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायचा. छातीत दुखलं, चक्कर आली तर चालणं तिथेच बंद आणि लगेच डॉक्टर.

फोनच्या कॅमेऱ्यावर ऑक्सिजन दाखवणाऱ्या अ‍ॅपवर मात्र अजिबात विसंबू नका, त्यासाठी बोटाला लावायचा ऑक्सिमीटरच हवा. आणि डॉक्टरांना पल्मनरी रिहॅबबद्दल (फुप्फुसांच्या रुग्णांसाठी तज्ज्ञांच्या देखरेखीखालचा व्यायाम आणि मार्गदर्शन) नक्की विचारा, अ‍ॅप त्याची जागा घेत नाही.