नानांना विचारा : चिनी पाहुण्याचा वॉल्टर

प्रश्न : नाना, पिथमपूरच्या आमच्या कारखान्यात मशीन बसवायला एक वयस्क चिनी इंजिनिअर आले आहेत. रविवारी त्यांना घरी पोहे खायला बोलावलं. सिनेमाचा विषय निघाला तेव्हा वाटलं, राज कपूरचं नाव घेतील. त्यांनी घेतलं 'वॉल्टर'चं! युगोस्लाव्ह नट, एवढंच कळलं. हा कोण?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : पोह्यांवर जिरावण घातलं होतंत ना? मग ठीक.

वॉल्टर हे पात्र. नटाचं नाव वेलिमिर झिवोयिनोविच. सर्बियातल्या कोराचित्सा गावात १९३३ साली जन्मला. सगळे त्याला 'बाटा' म्हणत. चपलांशी संबंध नाही, तिकडे ते लाडानं भावाला म्हणतात. आपल्या घरोघरी 'दादा' असतो तसं.

'वॉल्टर सारायेवोचं रक्षण करतो' हा १९७२ चा सिनेमा. सारायेवो हे बोस्नियातलं शहर, तेव्हा युगोस्लाव्हियात. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनांच्या ताब्यात असताना त्यांना हव्या असलेल्या छुप्या सेनानीची ही गोष्ट. खरा वॉल्टर म्हणजे व्लादिमीर पेरिच. एप्रिल १९४५ मध्ये शहर जर्मनांच्या तावडीतून सुटता सुटताच तो मारला गेला. चीनमध्ये तेव्हा परदेशी सिनेमे मोजकेच लागत, त्यात हा लागला आणि डोक्यावर घेतला गेला. तुमच्या पाहुण्यांच्या पिढीला तो पाठ असणारच.

बाटानं पडद्यावर इतके जर्मन लोळवले की तिकडे त्यावर विनोद व्हायचे. पण माझ्या मते हा त्याचा मोठा अभिनय नव्हे. तरुणपणी फिल्म सोसायटीत, खडखडणाऱ्या पंख्याखाली, मी त्याचा 'तीन' पाहिला. दिग्दर्शक अलेक्सांदर पेत्रोविच, साल १९६५. युद्धाच्या तीन टप्प्यांवर एकाच माणसाला मरण भेटतं. आधी निरपराध माणसाला गोळ्या घातल्या जाताना तो नुसता बघतो. मग स्वतःच जीव घेऊन पळतो. शेवटी जिंकलेल्यांचा अधिकारी असतो, आणि मारायला नेल्या जाणाऱ्या मुलीकडे खिडकीतून बघत राहतो. संवाद जवळजवळ नाहीत. लोहाराच्या ऐरणीसारखा तो चेहरा, आणि त्यावर हळूहळू चढत जाणारी लाज! घरी आलो तर आई म्हणाली, बरं नाही का?

त्यानं तीनशेच्या आसपास सिनेमे केले. त्यातले बरेच विसरण्याजोगे. पुढे राजकारणातही पडला. २००२ मध्ये सर्बियाच्या राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला आणि हरला. त्यात मला रस नाही. मे २०१६ मध्ये तो गेला.

वॉल्टरचा शेवट मात्र लाजवाब. हरलेला जर्मन अधिकारी टेकडीवरून शहर दाखवत म्हणतो, हे शहर पाहिलंत? 'दास इस्ट वाल्टर.' हाच वॉल्टर.

परत जायच्या आधी पाहुण्यांना संध्याकाळी राजवाड्यासमोर न्या. गर्दीकडे हात करून तेवढे तीन शब्द म्हणा. मग सराफ्यात खाण्याचे पैसे कोण देतं ते मला कळवा.