तिन्ही काटे एकदम चुकत असतील तर सेंडर बदलू नका

तुमची अडचण मी अशी समजलो आहे. साधारण १९९५ ची, १२ व्होल्टची डिझेल मिनीबस तुम्ही घरच्या घरी कॅम्पर म्हणून सजवलीत आणि त्यानंतर पाण्याच्या तापमानाचा काटा खंबाटकी घाट चढेपर्यंत लाल पट्ट्याला टेकू लागला, अर्ध्या टाकीलाही डिझेलचा काटा जवळजवळ पूर्ण भरलेली टाकी दाखवू लागला, ऑईल प्रेशरचा काटा वरच अडकून राहिला आणि हेडलाइट लावताच तिन्ही काटे आणखी थोडे वर सरकू लागले. या काळात तुम्ही पुण्याच्या नाना पेठेतून आणून तापमानाचा सेंडर (माप घेऊन काट्याकडे पाठवणारा भाग) दोनदा बदललात आणि आता टाकीचा फ्लोट, म्हणजे डिझेलची पातळी मोजणारा तरंगता सेंडर, बदलावा का, असे विचारता आहात. सध्या काहीही विकत घेऊ नका. पाणी, तेल आणि डिझेल यांचे तीन स्वतंत्र सेंडर एकाच महिन्यात एकाच दिशेने बिघडत नाहीत. बिघडते ते त्या तिघांना सामाईक असलेले काहीतरी, म्हणजे मीटरला मिळणारा पुरवठा किंवा मीटरची अर्थिंग (बॉडीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतची परतीची जोडणी).

मात्र वायरिंगला हात लावण्यापूर्वी इंजिन खरोखर गरम होत आहे का, हे डॅशबोर्डवर विसंबून न राहता पाहून घ्या. इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या हाऊसिंगवर मोजा, पण चकचकीत अॅल्युमिनियमवर तो प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतो, म्हणून तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा. ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान आकडा स्थिर राहत असेल तर काटा खोटा आहे. तेलाच्या बाबतीत याहून कडक राहावे, असे माझे मत आहे: सेंडर काढून त्या जागी तात्पुरते मेकॅनिकल प्रेशर गेज लावून घ्या आणि तोवर गाडी घाटात नेऊ नका. वरच अडकलेला काटा खाली पडलेल्या काट्यापेक्षा घातक असतो, कारण तेल संपले तरी तो तुम्हाला धीरच देत राहील. गेज लावताना आटे नीट पाहा. एक अष्टमांश इंचाचे निमुळते आटे आणि दहा मिलिमीटरचे बारीक आटे दिसायला सारखेच असतात, आणि जोर लावून बसवले तर ब्लॉकमधले आटे कायमचे जातात.

आता मूळ मुद्दा. चावी फिरवल्यावर काटे झटकन न उडता काही सेकंद घेऊन सावकाश चढत असतील, तर ते द्विधातू पट्टीचे मीटर आहेत. मीटरमधल्या बारीक तारेतून प्रवाह गेला की पट्टी तापते, वाकते आणि काटा सरकवते. बॅटरीचा व्होल्टेज इंजिनच्या वेगाबरोबर बदलत असल्यामुळे अशा मीटरना क्लस्टरच्या (डॅशमधल्या मीटरांच्या संचाच्या) मागे बसवलेल्या छोट्या व्होल्टेज स्टॅबिलायझरमधून पुरवठा होतो; तो अनेक गाड्यांमध्ये सरासरी १० व्होल्ट असतो, काहींमध्ये त्याहून बराच कमी. जुना स्टॅबिलायझर स्वतःही द्विधातू पट्टीचाच असतो. त्याच्या आतली तार तापली की संपर्क तुटतो, निवली की पुन्हा जुळतो, आणि या उघडझापीतून सरासरी साधली जाते. ही तार तापण्यासाठी स्टॅबिलायझरला अर्थिंग लागते. अर्थिंग सुटली की संपर्क तुटतच नाही, बॅटरीचे पूर्ण १२ ते १४ व्होल्ट मीटरवर जातात आणि सगळे काटे वर दाखवतात. हेडलाइटबरोबर काटे वर सरकतात याचे कारणही यातच आहे: डॅशच्या दिव्यांचा परतीचा प्रवाह त्याच अर्धवट अर्थिंगमधून वाट काढतो आणि क्लस्टर बॅटरीच्या निगेटिव्हच्या पातळीवरून काही दशांश व्होल्ट वर उचलला जातो.

हे तपासायला पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारा साधा मल्टिमीटर पुरेसा आहे. हेडलाइट लावून क्लस्टरचा धातूचा भाग आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक यांच्यामधला व्होल्टेज मोजा, ०.१ व्होल्टपेक्षा फार जास्त आला तर दोष सापडलाच. मग क्लस्टरच्या मागच्या स्क्रूपासून खरवडून स्वच्छ केलेल्या बॉडीपर्यंत एक वायर तात्पुरती धरा आणि मिनिटभर थांबा. काटे खाली आले, तर तीच वायर टोकाला लग (स्क्रूखाली बसणारी धातूची कडी) लावून कायमची करा. स्टॅबिलायझरच्या बाहेर जाणाऱ्या टोकावर डिजिटल मीटरचा आकडा नाचताना दिसला तर घाबरू नका, तो नाचलाच पाहिजे. स्थिर १२ आला तरच काळजी करा. अर्थिंग नीट करूनही तो स्थिरच राहिला, तर स्टॅबिलायझर बदला.

माझ्या कॅम्परमध्ये हीच चूक मी स्वतः केली होती. डॅशभोवती प्लायवूडची चौकट छान बसवली, लोखंडाला रंग मारला आणि क्लस्टरचे स्क्रू लाकडात घट्ट पिळले, म्हणजे क्लस्टरची अर्थिंगच तोडली. त्यानंतर तीन महिने मी टाकीचा फ्लोट उघडत होतो. त्यामुळे तुमचे काम सजावटीनंतर बिघडले, हे वाचताच माझे लक्ष तिथे गेले. इन्व्हर्टरचे निगेटिव्हही जवळची बॉडी पाहून तिथेच जोडलेले असेल, तर ते जाड केबलने थेट बॅटरीवर न्या. इंजिन ते बॉडी ही अर्थ पट्टीही पाहा: स्टार्टर फिरवताना ब्लॉक आणि बॅटरीचे निगेटिव्ह यांच्यामध्ये अर्धा व्होल्ट दिसला, तर पट्टी बदला.

एवढे करून एखादाच काटा चुकत राहिला, तरच त्याच्या सेंडरकडे वळा. तो तापमानाचा असेल, तर चावी चालू ठेवून सेंडरची वायर काढा, काटा थंड बाजूला पडला पाहिजे. तीच वायर १० ओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून ब्लॉकला टेकवा, काटा चढला पाहिजे. वायर थेट अर्थ करण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, पण द्विधातू मीटरची तार त्यात जळू शकते. मीटर या परीक्षेत पास झाला, तर सेंडर भांड्यातल्या पाण्यात तापवत त्याचा रोध मोजा. तापमानाबरोबर तो अखंड उतरत गेला पाहिजे. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, हे आकडे जुळवताना लक्षात ठेवा. बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे देऊ नका, कारण एकाच टोकाचा सेंडर आट्यांमधूनच अर्थ होतो.

नाना पेठेत दुकानदाराने ‘हाच चालेल’ म्हणून दिलेल्या सेंडरचे आटे जुळले तरी रोधाचा पट्टा जुळेलच असे नाही. फ्लोटमध्ये तर युरोपीय पद्धतीचे रिकाम्या टाकीला साधारण १० आणि भरलेल्या टाकीला १८० ओहम देतात, अमेरिकी बाजारातले बरेचसे २४० आणि ३३. चुकीची जोडी लावली की काटा उलटा चालतो. म्हणून गाडीबरोबर आलेला मूळ सेंडर फेकला नसेल तर तो शोधून काढा आणि अर्थिंग नीट झाल्यावर आधी तोच परत लावून पाहा.