श्रोत्यांचे प्रश्न : आधी गालिचा उचलून बघा

प्रश्न : नमस्कार. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. नुकतेच टॉवर स्पीकर घेतले, एकेक बावीस किलोचा. खोक्यात स्पीकरच्या तळाला लावायचे टोकदार स्टीलचे पाय, म्हणजे स्पाइक, आलेत. हॉलमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत आणि त्यावर सासूबाईंनी श्रीनगरहून आणलेला हातविणीचा गालिचा. त्याला भोकं पडतील म्हणून घरात स्पाइकला विरोध आहे. दुकानदार म्हणतो, स्पाइक नकोच, महागडे आयसोलेशनचे, म्हणजे कंपन जमिनीत उतरू न देणारे, पाय घ्या. त्यांची किंमत स्पीकरच्या जवळजवळ पाव हिस्सा होते. काय करावं?

उत्तर : सासूबाईंचा गालिचा स्पाइकखाली घालू नका, आणि दुकानदाराचे पायही आत्ता घेऊ नका.

स्पाइक कशासाठी आले ते आधी समजून घेऊ. ज्या देशांत भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट असतं, तिथे त्याखाली फोमचा किंवा नमद्याचा जाड थर घालतात. उंच, निमुळता टॉवर अशा मऊ थरावर ठेवला की तो डुलतो. स्पाइक कार्पेटच्या धाग्यांमधून वाट काढून खालच्या टणक जमिनीला टेकतो आणि स्पीकर घट्ट उभा राहतो. त्याचं काम एवढंच. ‘स्पाइक कंपनं जमिनीत सोडतो, परत येऊ देत नाही’ असं विक्रेते सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नका. धातूचं टोक दोन्ही दिशांना सारखंच कंपन नेतं.

आता तुमची जमीन. टाइलखाली आर.सी.सी.चा स्लॅब आहे. बावीस किलोच्या स्पीकरने हा स्लॅब हलवायचा म्हटलं तरी फारसा हलणार नाही. साधा हिशेब करा : वूफरच्या, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या भागाच्या, पडद्याचं हलणारं वजन वीस-पंचवीस ग्रॅम, कॅबिनेट बावीस किलो, म्हणजे सुमारे हजारपट. पडदा तीन मिलिमीटर पुढे गेला तर कॅबिनेट मागे सरकणार साधारण तीन मायक्रॉन. अशा जमिनीवर स्पाइक आणि महागडे पाय यांच्यातला फरक ऐकू आलाच तर बारीक असतो. पाव किमतीचा तर नक्कीच नाही.

म्हणून माझा सल्ला : गालिचा दीड-दोन फूट पुढे, सोफ्याच्या दिशेला ओढा आणि स्पीकर त्याच्या बाहेर, उघड्या टाइलवर ठेवा. गालिच्याचं आवाजातलं खरं काम स्पीकर आणि तुमचे कान यांच्या मधल्या जमिनीवर असतं. तिथून उसळून येणारा वरच्या पट्टीतला आवाज तो शोषतो. स्पीकरखाली तो असून काही फायदा नाही. खर्जावर तर गालिच्याचा परिणाम जवळजवळ शून्य, मग तो कितीही महागडा असो.

टाइलवर मात्र उघडा स्पाइक टेकवू नका. चार पायांवर बावीस किलो म्हणजे एका पायावर साडेपाच. टोक एक चौरस मिलिमीटरचं धरलं, तर दाब होतो चौरस सेंटिमीटरला साडेपाचशे किलो. ज्या टाइलवर स्पीकर येणार ती बोटाच्या पेराने चारही कोपऱ्यांत वाजवून पाहा. खाली माल नीट भरला नसेल तर एखादा कोपरा पोकळ वाजतो, आणि तिथेच टवका उडतो. स्पाइकखाली ठेवायच्या धातूच्या वाट्या मिळतात, त्यांच्या तळाला फेल्ट चिकटवा. किंवा स्पाइक खोक्यातच राहू द्या आणि सोबत आलेले रबरी पाय लावा. मी तुमच्या जागी असतो तर रबरी पायच लावले असते.

एक काम मात्र मनापासून करा. स्पीकर उभा केल्यावर वरच्या दोन तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर आळीपाळीने बोट दाबा. टकटक हलला तर एक पाय अधांतरी आहे. तो आटे फिरवून खाली आणा, लेव्हल बघा आणि मगच लॉक नट कसा. नट ढिला राहिला तर पायच खुळखुळतो, आणि डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्याबरोबर एक बारीक चरचर ऐकू येते. मग माणसं अँप्लिफायर बदलत बसतात.

आणि तुमचा खर्ज घुमत असेल, तर पाय नव्हे, जागा बदला. बारा फुटी खोलीत, म्हणजे 3.66 मीटर अंतरात, पहिली उभी लहर, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून घुमणारा सूर, 47 हर्ट्झच्या आसपास बसते. मागच्या भिंतीपासून स्पीकर फूटभर पुढे घेतल्याने जो फरक पडेल, तो कुठलाही पाय देणार नाही.

प्रश्न : काका, मी एडिसन, न्यू जर्सीहून लिहितेय. वरच्या मजल्यावरचं अपार्टमेंट, लाकडी जमीन, त्यावर भिंत ते भिंत जाड कार्पेट. स्पीकर पंचवीस किलोचे. स्पाइकवर ठेवल्यावर खालच्या शेजारणीची तक्रार आली : तबला लागला की तिचं छत घुमतं. म्हणून स्प्रिंगचे पाय घेतले आणि कार्पेटवर ठेवले. आता स्पीकर डुलतात, आवाजही विसकटल्यासारखा वाटतो. घरात अडीच वर्षांची मुलगी आहे.

उत्तर : पाय घ्यायचा तुमचा निर्णय बरोबर होता. ते ठेवलेत तिथे मात्र गडबड झाली.

तुमच्या जमिनीची गोष्ट कोथरूडच्या अगदी उलट आहे. खाली लाकडी वासे, वर प्लायवूडची फळी, वाशांच्या मधे पोकळी. ही जमीन स्वतःच एखाद्या मोठ्या डग्ग्याच्या पुडीसारखी वाजते, आणि स्पाइकने तुम्ही स्पीकर थेट त्या पुडीवर टेकवला होता. इथे स्पीकर जमिनीपासून वेगळा करणं गरजेचं आहे.

पण कार्पेट आणि त्याखालचा फोम मिळूनही एक स्प्रिंगच होते. ती कुणी वजन बघून निवडलेली नाही आणि चारही कोपऱ्यांत सारखी दबतही नाही. तिच्यावर तुमची दुसरी स्प्रिंग, तिच्यावर निमुळता टॉवर. डुलणारच.

इलाज : प्रत्येक स्पीकरसाठी 18 मिलिमीटर जाडीच्या चांगल्या प्लायवूडचा चौकोन कापून घ्या, स्पीकरच्या तळापेक्षा चारही बाजूंनी किमान दोन इंच मोठा. ग्रॅनाइटची फरशी मिळाली तर उत्तम. 40 बाय 35 सेंटिमीटरचा, 18 मिलिमीटर जाडीचा तुकडा सात किलोच्या आत-बाहेर भरतो. किचन ओट्याच्या दगडाचं काम करणाऱ्यांकडे उरलेले तुकडे पडलेले असतात. ही फरशी कार्पेटवर सपाट पसरू द्या, वजन मोठ्या क्षेत्रावर वाटलं जाईल. तरीही डुलली तर तिच्या खाली कार्पेटचे स्पाइक लावा. कार्पेट आणि फोम मिळून जाडी वीस मिलिमीटरच्या घरात जाते, तेव्हा टोक त्याहून लांब हवं. जमिनीखाली हीटिंगचे पाइप किंवा तारा असतील तर मात्र स्पाइकचा विचार सोडून द्या. फरशीच्या वर स्प्रिंग, स्प्रिंगवर स्पीकर.

स्प्रिंग योग्य आहे की नाही, हे तुम्ही घरीच पट्टीने मोजू शकता. स्पीकर ठेवण्याआधी स्प्रिंगची उंची मोजा, ठेवल्यावर पुन्हा मोजा. जेवढे मिलिमीटर दबली त्याचं वर्गमूळ काढा आणि 15.8 ला त्याने भागा. आली ती स्प्रिंगची स्वतःची कंपनसंख्या. एक मिलिमीटर दबली तर सुमारे 16 हर्ट्झ, चार मिलिमीटर दबली तर 8. जमीन टणक धरून 40 हर्ट्झच्या खर्जाचा हिशेब केला, तर पहिल्या स्प्रिंगमधून कंपनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा खाली उतरतो, दुसरीतून चार टक्के. तुमच्या लाकडी जमिनीवर आकडे इतके देखणे येणार नाहीत, पण कल तोच. रबराला हे सूत्र जसंच्या तसं लागू होत नाही, कंपनात रबर जास्त ताठ वागतं. म्हणूनच असे पाय वजनाच्या हिशेबाने विकतात. उदाहरणार्थ, आयसोअकूस्टिक्स कंपनीचे ‘गाया’ पाय : गाया थ्रीचा चार पायांचा संच 32 किलोपर्यंत, गाया टू 54 पर्यंत, गाया वन 100 पर्यंत. ‘मोठा तो चांगला’ म्हणून पंचवीस किलोच्या स्पीकरखाली गाया वन घातले तर ते पुरेसे दबणारच नाहीत, पैसे मात्र जातील.

फरक खरंच पडला का, ते बघायला आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे कंपन मोजणारं मोफत अ‍ॅप फोनवर घ्या. फोन स्पीकरशेजारी उघड्या लाकडी जमिनीवर ठेवता आला तर उत्तम, नाहीतर कार्पेटवर जड पुस्तकाखाली दाबून ठेवा. तोच तबला, तोच आवाज, आधी स्पाइकवर मग स्प्रिंगवर वाजवा आणि आलेख शेजारी ठेवून बघा.

शेजारणीबद्दल स्पष्टच सांगतो. पायांमुळे जमिनीतून जाणारं कंपन कमी होईल. हवेतून जाणारा खर्ज भिंती-छत ओलांडून तरीही तिच्याकडे पोचेल. रात्री नऊनंतर खर्जाचं बटण खाली आणा, आणि हे सगळं करताय ते तिला जाऊन सांगा. शक्य असेल तर तिच्या घरात उभं राहून स्वतः ऐका.

आणि मुलीबद्दल. स्प्रिंगवरचा टॉवर स्पाइकवरच्यापेक्षा सहज कलतो. अडीच वर्षांचं मूल स्पीकरच्या जाळीला धरून उभं राहतं. कपाटं भिंतीला बांधायचे पट्टे मिळतात, त्यांनी स्पीकरचा माथा मागच्या भिंतीला, थोडी ढील ठेवून, आजच बांधा. आवाजाचं बाकी सगळं पुढच्या आठवड्यात केलंत तरी चालेल.

प्रश्न : साताऱ्याचं जुनं घर, माडीवर लाकडी फळ्यांची जमीन, वर सतरंजी. कुणी चाललं की रेकॉर्डची सुई उडते. स्पीकरखाली स्पाइक लावू का?

उत्तर : नको. सुई पावलांनी उडते आहे, स्पीकरने नव्हे. टर्नटेबल जमिनीवरच्या टेबलावरून उचला आणि जाड बाहेरच्या भिंतीत दोन मजबूत ब्रॅकेट ठोकून त्यावरच्या फळीवर ठेवा. जुन्या मातीच्या भिंतीत साधा रावळप्लग धरत नाही, तेव्हा गवंड्याकडून सिमेंटमध्ये खुंट्या बसवून घ्या. स्पीकर दुसऱ्या भिंतीशी, जिथे फळ्या तुळईवर टेकतात तिथे हलवा. खालच्या खोलीतून वर पाहिलं की तुळई नेमकी कुठे आहे ते दिसेल.