वाचक विचारतात : वाळवंटात कॅम्पर नेताना

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात सॅन होजेला राहतो. डिसेंबरमध्ये सांगलीहून आई-बाबा येतायत, दोघंही सत्तरीचे, आमची मुलगी ६ वर्षांची. कॅम्पर (झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेऊन ९ दिवसांत जोशुआ ट्री, डेथ व्हॅली, झायन, ब्राइस, आर्चेस आणि ग्रँड कॅनियन ही सहा नॅशनल पार्क करायचं ठरतंय. आधी कधी कॅम्पर चालवलेली नाही. बाबांना रात्री झोपेत श्वासासाठी सीपॅप मशीन लागतं, ते विजेवर चालतं. जमेल का?

उत्तर : सहा नका करू, दोनच करा. जोशुआ ट्री आणि डेथ व्हॅली, बास. नकाशावर सगळं जवळ दिसतं पण जोशुआ ट्रीहून डेथ व्हॅलीच कॅम्परने चार-पाच तास आहे, मग रोज सकाळी पसारा आवरा, गॅस बंद करा, कपाटं लावा, आणि चालत्या गाडीत आई-बाबांना आडवं होता येत नाही, सगळ्यांनी बेल्ट लावून बसायचं असतं, सत्तरीच्या माणसांना हे रोज नाही झेपत. शिवाय ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठ ७००० फुटांवर आणि ब्राइस त्याच्याही वर, डिसेंबरात तिथे बर्फ असतो, पहिल्यांदा मोठी गाडी चालवणाऱ्याने तिथे जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि कोणी योसेमिटीतून टियोगा रोडने शॉर्टकट सुचवला तर तो रस्ता हिवाळ्यात बंद असतो.

गाडी २५ फुटांच्या आतली घ्या. डेथ व्हॅलीत डान्टेज व्ह्यू आणि आर्टिस्ट्स ड्राइव्हला २५ फुटांपेक्षा लांब गाडी नेऊच देत नाहीत, जोशुआ ट्रीमधल्या हिडन व्हॅली कॅम्पग्राउंडलाही तीच मर्यादा आहे. बुकिंग करताना मॉडेलच्या नावातल्या आकड्यावर जाऊ नका, बंपर ते बंपर खरी लांबी किती ते विचारा.

आता पाण्याचं, कारण खरी ट्रिप त्यावरच चालते. जोशुआ ट्रीत कुठल्याच कॅम्पग्राउंडला हूकअप नाही, म्हणजे वीज नाही, नळजोडणी नाही. पाणी भरायला आणि सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायला ब्लॅक रॉक किंवा कॉटनवुडला जावं लागतं, जम्बो रॉक्स कॅम्पग्राउंड इतकं सुंदर आहे पण तिथे थेंबभर पाणी नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा टाकी अर्धीच भरून आत शिरले होते, दुसऱ्या दिवशी सकाळी नळ कोरडा, सोबत लहान मूल, सगळं गुंडाळून गावात परत यावं लागलं. म्हणून गावातच टाकी काठोकाठ भरा, पेट्रोलही तिथेच कारण पार्कात पंप नाही, आणि पिण्याचं पाणी वेगळं ठेवा, माणशी दिवसाला एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर. ताटं आधी कागदाने पुसून मग धुवा, खूप पाणी वाचतं.

बाबांच्या मशीनमुळे रात्रीच्या विजेचा विचार आधी करा. गाडीचा हीटर प्रोपेनवर चालतो खरा पण त्याचा पंखा बॅटरीवर असतो, जोशुआ ट्रीत डिसेंबरात रात्री शून्याच्या आसपास जातं, हीटर आणि सीपॅप दोन्ही चालवले तर पहाटेपर्यंत बॅटरी बसू शकते, आणि जनरेटर ठरलेल्या तासांतच लावता येतो. त्यामुळे तिथे मुक्काम पार्काबाहेरच्या हूकअपवाल्या आरव्ही पार्कात (कॅम्पर लावायच्या तळावर) करा आणि दिवसा आत जा. डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीकला हूकअपच्या जागा आहेत पण फक्त १८, बुकिंग सहा महिने आधी उघडतं, आजच बघा. मिळाली तर बाकी सगळे दिवस तिथेच तळ ठोका.

आणि उतार. पश्चिमेकडून डेथ व्हॅलीत शिरताना टाउन पास लागतो, जवळजवळ ५००० फुटांवरून थेट समुद्रसपाटीला उतरायचं. आपल्याकडे घाटात सांगतात ना, ज्या गिअरने चढशील त्याच गिअरने उतर, अगदी तेच करा, ब्रेकवर पाय दाबून धरलात तर ब्रेक तापून धरेनासे होतात.

प्रश्न : मुलांना सुट्टी जुलैतच असते. डेथ व्हॅली जुलैत केली तर चालेल का? एसी आहे की गाडीत.

उत्तर : नाही, कृपा करून नको. १० जुलै १९१३ ला याच फर्नेस क्रीकला ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, आजही जगातला विक्रम तोच धरतात. मुक्कामातला एसी हूकअप किंवा जनरेटरवर चालतो, इतक्या उन्हात तोही दमतो, आणि गाडी बंद पडली तर मदत यायला किती वेळ लागेल सांगता येत नाही, बहुतेक ठिकाणी फोनला रेंजच नाही. भाड्याच्या बऱ्याच करारांत उन्हाळ्यात डेथ व्हॅली वगळलेली असते तेही वाचा. वर याच दिवसांत अचानक पूर येतात, ऑगस्ट २०२३ मध्ये हिलरी वादळाच्या पावसाने रस्ते वाहून गेले आणि पार्क ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद होतं.

जुलैतच जायचं तर नेवाडातलं ग्रेट बेसिन बघा. तेही वाळवंटच, पण उंचावरचं. लोअर लेहमन कॅम्पग्राउंड ७००० फुटांच्या वर आहे, रात्री स्वेटर लागतो, जवळच चुनखडीच्या गुहा आहेत आणि डोंगरावर हजारो वर्षं जुनी ब्रिसलकोन पाइनची झाडं, त्यातलंच साधारण ४९०० वर्षांचं एक झाड १९६४ मध्ये तोडलं गेलं, ते वाचून मला आजही वाईट वाटतं. एक मात्र सांभाळा, तिथल्या गावाचं नाव बेकर, आणि डेथ व्हॅलीच्या दक्षिणेलाही कॅलिफोर्नियात एक बेकर आहे. जीपीएसमध्ये राज्य बघूनच टाका, आणि नकाशे आधीच डाउनलोड करून ठेवा.

प्रश्न (पहिल्या पत्रातल्या आईंचा, सांगलीहून) : लेक म्हणतो वाळवंट बघायला चल. माझे गुडघे दुखतात, मी तिथे काय बघणार? आणि जेवणाचं काय?

उत्तर : काकू, जरूर जा. डेथ व्हॅलीत बॅडवॉटरला गाडीतून उतरलात की समोरच मीठच मीठ, समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली, आणि ते बरंचसं आपलं खायचंच मीठ. लाकडी फळ्यांचा रस्ता केलाय, थोडं चालून परत यायचं. डान्टेज व्ह्यूला गाडी वरपर्यंत जाते, तिथून तेच मीठ पाच हजार फूट खाली पांढरं दिसतं. झब्रिस्की पॉइंटचा चढ छोटा आहे पण उभा, काठी न्या.

जेवणाला गाडीत गॅस आहे, पिठलं-भात, थालीपीठ सगळं होतं, भाजणीसुद्धा तिकडच्या इंडियन दुकानात मिळते. फक्त फोडणी देताना छताची खिडकी उघडा, नाहीतर धुराचा भोंगा वाजतो.

आणि रात्री शाल घेऊन खुर्ची बाहेर टाकाच. तिथलं आकाश इतकं काळं असतं की मृग, कृत्तिका चटकन सापडतात. ध्रुव सांगलीत क्षितिजापासून जेमतेम १७ अंशांवर दिसतो, तिथे ३६ वर, म्हणजे मान चांगलीच वर करावी लागेल, नातीला तुम्हीच दाखवा.