आठवीत अल्जिब्रा झालं नाही तर मुलगा मागे पडेल का?

पुण्याहून सॅन होजेला आल्यावर सहावीतल्या मुलाला ॲक्सिलरेटेड गणिताच्या, म्हणजे नेहमीपेक्षा पुढच्या वर्गाच्या चाचणीला बसवावं का, असं तुम्ही विचारलंय. ओळखीचे पालक म्हणतात, आठवीत अल्जिब्रा १, म्हणजे बीजगणिताचा पहिला कोर्स, झालंच पाहिजे. मी बे एरियातच मिडल स्कूलला गणित शिकवते. माझं उत्तर: चाचणीला जरूर बसवा, पण वर्ग ठरवताना त्याचे अपूर्णांक बघा, शेजाऱ्यांची मुलं नव्हे.

ही घाई येते कुठून? आपल्याकडे बीजगणित हळूहळू मुरतं. राज्य मंडळाच्या सहावीच्या पुस्तकात समीकरणं येतात, सातवीत बैजिक राशी आणि नववीत गणित भाग १, म्हणजे बीजगणित. इथे मात्र अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस आणि मग कॅल्क्युलस, असा वर्षाला एक विषय (कॅल्क्युलस म्हणजे आपलं कलन, प्रीकॅल्क्युलस ही त्याची तयारी). बारावीत कॅल्क्युलस हवं असेल तर उलटं मोजत गेलं की आठवी येते. म्हणून सहावीपासूनच आईबाबांची झोप उडते.

तयार असलेल्या मुलाला थोपवून धरणं मला मुळीच मान्य नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक शाळांनी २०१४ मध्ये आठवीतलं अल्जिब्रा बंद केलं. कोवळ्या वयात मुलांची हुशार आणि ढ अशी वाटणी होऊ नये, हा हेतू चांगलाच होता. पण ज्यांना परवडलं त्यांनी बाहेर पैसे भरून तोच कोर्स करून घेतला आणि ज्यांना परवडलं नाही त्यांची मुलं थांबली. मार्च २०२४ मध्ये शहरातल्या मतदारांनी प्रचंड बहुमताने सांगितलं की ते परत आणा.

पण सरसकट ढकलणंही तितकंच वाईट. नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट-मेक्लनबर्ग शालेय जिल्ह्याने (इथे सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला जिल्हा म्हणतात) २००० नंतरच्या दशकात मध्यम गुणांच्या पुष्कळ मुलांना आठवीतच अल्जिब्रात बसवलं. अभ्यासकांनी नंतर तपासलं तेव्हा त्या मुलांचे अल्जिब्राचे गुण घसरलेले दिसले, आणि पुढे जॉमेट्री, अल्जिब्रा २ पार करण्याचं प्रमाणही कमी झालेलं होतं.

तयारी ओळखायची कशी? घरीच दोन गणितं द्या. पहिलं: एका संख्येचे दोन तृतीयांश १४ आहेत, तर ती संख्या कोणती? जो मुलगा ०.६६ ने भागून २१.२१ लिहितो, त्याला दोन तृतीयांश म्हणजे काय हे अजून उमगलेलं नाही. जो म्हणतो, दोन भाग १४, म्हणजे एक भाग ७, म्हणजे २१, तो तयार आहे. दुसरं: ८ + ४ = किती + ५? उत्तर ७, पण बरीच मुलं झटकन १२ लिहितात, कारण त्यांच्या लेखी बरोबरचं चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिही’.

आणि कृपा करून ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हे घरी आधीच शिकवू नका. आपण सगळे तसेच शिकलो, मला कळतं. पण ३क्ष = १२ मध्ये ३ पलीकडे नेऊन क्ष = १२ − ३ = ९ लिहिणारी मुलं वर्गात सतत दिसतात. दोन्ही बाजूंना ३ ने भागलं, एवढं त्याने तोंडाने म्हणायला हवं.

शाळेला एक गोष्ट नक्की विचारा: ॲक्सिलरेटेडमध्ये सातवी-आठवीचा अभ्यासक्रम एका वर्षात दाबून शिकवता की सातवीचं गणित गाळता? दाबलेला चालेल. गाळलेला नको, कारण ऋण संख्यांवरच्या क्रिया आणि प्रमाण हे सगळं सातवीत आहे. आठवीचं साधं गणितही पोरकट नाही, त्यात दोन चलांच्या रेषीय समीकरणांच्या जोड्या येतात.

नववीत अल्जिब्रा घेतलं तरी पुढे जॉमेट्री आणि अल्जिब्रा २ एकाच वर्षी घेता येतात, किंवा सुट्टीत एक कोर्स करता येतो. तुमच्या इथल्या हायस्कूलमध्ये यातलं काय चालतं ते आत्ताच काउन्सेलरला विचारून ठेवा. शिवाय कॅलिफोर्नियात २०१५ चा एक कायदा आहे. नववीत गणिताचा वर्ग ठरवण्याचं लेखी धोरण शालेय जिल्ह्याकडे असावंच लागतं, आणि वर्ष सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात त्या निर्णयाची फेरतपासणी करावी लागते. ते धोरण जिल्ह्याच्या संकेतस्थळावर शोधा. नाही सापडलं तर शाळेकडे मागा.