मुदतीआधी ब्रॉडबँड सोडल्याबद्दल ७,२३३ रुपयांची मागणी: भरण्यापूर्वी हिशेब मागा

ताई, तुमच्या प्रश्नातील हकीकत थोडक्यात अशी आहे. जुळे सोलापुरात असताना तुम्ही बारा महिन्यांच्या लॉक-इनवर (म्हणजे तेवढा काळ सेवा न सोडण्याच्या अटीवर), महिना ५९० रुपये अधिक जीएसटी या दराने फायबर ब्रॉडबँड घेतले. पाच महिन्यांनी घर बदलून तुम्ही अक्कलकोट रोडकडे राहायला गेलात आणि तेथे आपली लाइन नाही असे कंपनीने सांगितले. तुम्ही जोडणी बंद करण्याची विनंती करताच उरलेल्या सात महिन्यांचे भाडे ४,१३० रुपये, राउटरचे २,००० रुपये आणि या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी मिळून ७,२३३ रुपये ४० पैशांची मागणी आली. शिवाय सुरुवातीला घेतलेली १,००० रुपयांची अनामतही कंपनीने अडकवून ठेवली. राउटर तुमच्याकडे आहे आणि तो परत करण्याची तुमची तयारी आहे.

एवढी रक्कम देणे लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र "मी एक रुपयाही देणार नाही" ही भूमिकाही घेऊ नका, कारण सवलतीच्या बदल्यात ठरावीक मुदत मान्य करणे हे मुळात बेकायदा नाही आणि तुम्ही ती अट स्वीकारली असेल तर तिचा काही भार तुमच्यावर येतो. वाद अट असावी की नसावी याचा नाही, तर अट मोडल्यामुळे कंपनीचे खरोखर किती नुकसान झाले याचा आहे, आणि तो वाद तुम्ही त्याच जागी धरून ठेवला पाहिजे. ग्राहक सेवा केंद्रातील मुलगा फोनवर तुम्हाला पुन्हा पुन्हा "पण मॅडम, अट तर आहेच ना" इथे ओढून नेईल; तुम्ही प्रत्येक वेळी हिशेबाकडे परत या.

पहिली मागणी कागदाची करा. आपल्याकडे बहुतेक जोडण्या स्थानिक केबलचालकामार्फत होतात. त्याचा माणूस घरी येऊन मोबाइलवरच अर्ज भरतो, आपल्याकडून ओटीपी घेतो आणि तो ओटीपी म्हणजेच सर्व अटींना दिलेली संमती, असे कंपनी नंतर सांगते. म्हणून तुमच्या ग्राहक अर्जाची प्रत, संमतीची तारीख आणि वेळ, त्या दिवशी लागू असलेल्या अटींचा पूर्ण मजकूर आणि मुदतपूर्व शुल्काचे कलम नेमके कोणते, हे लेखी मागा. आज संकेतस्थळावर दिसणाऱ्या अटी पुरेशा नाहीत, कारण त्या मधल्या काळात बदललेल्या असू शकतात. अटी हाती आल्यावर पत्ता बदलण्यासंबंधीचे कलम आवर्जून वाचा. नव्या ठिकाणी सेवा देणे शक्य नसल्यास शुल्क माफ करण्याची तरतूद काही कंपन्यांच्या अटींत असते. तशी तरतूद नसेल तर केवळ घर बदलले म्हणून शुल्क आपोआप रद्द होत नाही, कारण करार जुन्या पत्त्यासाठी होता. तरीही "तेथे लाइन नाही" हा कंपनीचा संदेश जपून ठेवा, कारण ग्राहक राहायला तयार होता हे त्यावरून सिद्ध होते.

आता हिशेब पाहू, कारण तुमचे प्रकरण खरे तर तेथेच उभे आहे. सात महिन्यांचे पूर्ण भाडे हे कंपनीचे नुकसान नव्हे. ते भाडे सेवेसाठी होते आणि सेवा बंद झाल्यावर बँडविड्थ, केबलचालकाचा वाटा, दुरुस्तीची माणसे हा खर्च कंपनीला तुमच्यासाठी करावा लागत नाही. तुमच्या जागेवर दुसरा ग्राहक जोडताही येतो. राउटरची किंमत तर दोनदा वसूल होते आहे, कारण मोफत राउटरचा खर्च भाड्यातून भरून निघावा म्हणूनच मुदत घातलेली असते. मग उरलेले सगळे भाडे घ्यायचे, वर राउटरचेही पैसे घ्यायचे आणि राउटर परत मिळणार असतानाही ते घ्यायचे, याला आधार राहत नाही. खरे नुकसान म्हणता येईल असा एकच खर्च मला दिसतो, तो म्हणजे मोफत जोडणीचा. तुम्ही पाठवलेल्या जाहिरातीत "१,००० रुपयांची जोडणी मोफत" असे आहे. तो खर्च बारा महिन्यांवर वाटला तर उरलेल्या सात महिन्यांचा वाटा ५८३ रुपये होतो आणि जीएसटी धरला तरी ६८८ रुपये. अनामत १,००० रुपये आहे. म्हणजे राउटर परत केल्यावर या हिशेबाने कंपनीनेच तुम्हाला सुमारे ३१२ रुपये द्यायचे आहेत. हाच हिशेब तक्रारीत आकड्यांसह मांडा.

या युक्तिवादामागे पक्का कायदा आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. सर्वोच्च न्यायालयाने फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या १९६३ च्या निकालात हे सांगितले आणि कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात अधिक स्पष्ट केले की नुकसान झालेलेच नसेल तर भरपाई नाही आणि नुकसान सिद्ध करणे शक्य असेल तेथे ते सिद्ध करावे लागते. नुकसान मोजणे कठीण असेल तर प्रामाणिक पूर्वअंदाज म्हणून ठरवलेली रक्कम मान्य होऊ शकते, आणि कंपनीचे वकील त्याच वाटेने जातील. पण राउटर आणि जोडणी यांचा खर्च मोजणे कठीण आहे असे ब्रॉडबँड कंपनीला म्हणता येणार नाही.

जीएसटीबद्दलही एक प्रश्न विचारा. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार करार मोडल्याबद्दल निव्वळ भरपाई म्हणून दिलेल्या रकमेवर जीएसटी लागत नाही. मुदतीपूर्वी बाहेर पडू देण्याच्या सोयीचा मोबदला असेल तर लागतो. तेव्हा ही रक्कम नेमकी काय आहे, हे कंपनीने लेखी सांगावे आणि मोबदला म्हणत असेल तर रीतसर कर बीजक द्यावे.

तक्रारीचे पत्र पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी उरकून घ्या. वापरलेल्या दिवसांचे जे बिल निर्विवाद आहे ते भरून टाका, म्हणजे तुम्ही थकबाकीदार आहात असे कोणी म्हणू शकणार नाही. बंद करण्याची विनंती लेखी नोंदवल्यानंतर बँकेतील किंवा यूपीआयवरील ऑटोपे रद्द करा, नाहीतर वादातील रक्कम परस्पर वळती होईल आणि मग परत मिळवण्याचे काम तुमच्याकडे येईल. तिसरी गोष्ट राउटरची. केबलचालकाचा माणूस येऊन तो तसाच घेऊन जातो आणि महिन्याभराने कंपनीच्या नोंदीत राउटर परत आलेलाच नसतो, असे अनेक शेजाऱ्यांच्या बाबतीत घडलेले मी पाहिले आहे. म्हणून राउटर आणि अडॅप्टर देताना सिरियल नंबर, तारीख आणि घेणाऱ्याची सही असलेली पावती घ्या. नंबर दिसेल असा फोटोही काढा.

तक्रार प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे नोंदवा आणि डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. त्यासोबत सविस्तर पत्र ई-मेलने व स्पीड पोस्टने पाठवा. उत्तर समाधानकारक नसेल किंवा आलेच नाही, तर ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांप्रमाणे कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते. त्याला शुल्क नाही आणि ३९ दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. अपील प्राधिकरण कंपनीच्याच आत असते म्हणून अनेकजण हा टप्पा सोडतात. मी तो सोडू नका म्हणतो, कारण वरच्या पातळीवरचा माणूस पहिल्यांदा तेथेच कागद वाचतो आणि पुढे ग्राहक आयोगात जावे लागले तर तेथे तुमची चिकाटी दिसते. ट्रायकडे थेट वैयक्तिक तक्रार पाठवण्यात मात्र वेळ घालवू नका. तशा तक्रारींचा निवाडा ट्राय करत नाही. त्याऐवजी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तुमची सेवा छोट्या स्थानिक पुरवठादाराची असेल आणि त्याच्याकडे अपिलाची व्यवस्था सापडली नाही, तर थेट हेल्पलाइनकडे जा.

एवढ्यावर मिटले नाही तर सोलापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा मार्ग मोकळा आहे. करारात "फक्त मुंबईच्या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र" किंवा "लवाद" असे लिहिलेले पाहून लोक माघार घेतात, याचे मला फार वाईट वाटते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथे तक्रार करता येते. लवादाचे कलम ग्राहक आयोगाला अडवत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात २०१८ साली मान्य केले. आणि दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतात, हे व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अगरवाल या १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालाने ठरले आहे. टेलिफोन बिलाचे वाद ग्राहक मंचात चालत नाहीत असे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा एम. कृष्णन निकाल कंपनीने पुढे केला, तर त्याला हेच उत्तर आहे. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती संकेतस्थळावरून तक्रार दाखल होते आणि मुदत दोन वर्षांची आहे.

येथे एक बारकावा सांभाळा. नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लावणारा करार "अनुचित करार" ठरतो, हे कलम २(४६) मध्ये आहे; पण अनुचित करार म्हणून तक्रार ऐकण्याचा अधिकार कायद्याने राज्य आयोगाला दिला आहे, जिल्हा आयोगाला नाही. त्यामुळे सोलापुरात दाखल करताना "करार रद्द करा" अशी मुख्य मागणी ठेवू नका. सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या आधारांवर मागणीपत्र मागे घेण्याची, अनामत परत देण्याची आणि खर्चाची मागणी करा. व्हॉट्सॲपवरील संदेश, एसएमएस किंवा स्क्रीनशॉट जोडणार असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे) प्रमाणपत्र सोबत लावा. केबलचालकाने सुरुवातीला "कधीही बंद करता येईल" असे लिहून पाठवले असेल, तर तो संदेश तुमचा सर्वांत मोलाचा पुरावा आहे.

वसुलीवाल्यांच्या फोनला आणि "सिबिल खराब होईल" या धमकीला घाबरून पैसे भरू नका. रक्कम वादग्रस्त आहे, तक्रार क्रमांक हा आहे, यापुढे लेखीच बोला, एवढेच सांगा. सिबिलसारख्या, कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या पतमाहिती कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य देतात. तो काढून पाहा आणि चुकीची नोंद दिसली तर त्या कंपनीकडेच हरकत घ्या. काही कारणाने पैसे भरावेच लागले, तर "निषेध नोंदवून, माझे सर्व हक्क अबाधित ठेवून" असे ई-मेलमध्ये लिहून मगच भरा.

बहुधा अपिलाच्या टप्प्यावर कंपनी रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव देईल. फोनवरच्या होकारावर तक्रार मागे घेऊ नका. खाते बंद झाले, कोणतीही थकबाकी नाही, राउटर मिळाला आणि अनामतीचा हिशेब अमुक तारखेपर्यंत पूर्ण होईल, हे चारही मुद्दे एका पत्रात लिहून घ्या आणि अनामतीची रक्कम खात्यात आल्यावरच तक्रार मिटल्याचे कळवा.